उमरग्याचा तळ आणि पॅरिसची बैठक

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा रस्ता नळदुर्ग मागे टाकून उमरग्यातून पुढे जातो. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे याच रस्त्याने भारतीय लष्कर हैदराबाद संस्थानात शिरले. पहिल्याच दिवशी नळदुर्गचा किल्ला पडला आणि पुढे आलेल्या फौजेने उमरग्यापाशी तळ दिला. १४ तारखेला तळ हलला. पुढच्या वाटेवर दबा धरून बसलेल्या तुकड्या हवाई टेहळणीत दिसल्या होत्या. त्यांच्यावर विमानांतून मारा झाला आणि दुपारपर्यंत सुमारे ४८ किलोमीटरवरचे राजेश्वर हाती आले. १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने लढाई थांबवल्याचे जाहीर केले.

उमरग्याचा तळ उठून दोन दिवस झाल्यावर, १६ सप्टेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद बसली. तिच्यापुढे विषय होता ‘हैदराबादचा प्रश्न’. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा की नाही यावर मतदान झाले. अकरापैकी आठ सदस्यांनी होकार दिला, विरोधात एकही मत पडले नाही. चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन हे तिघे तटस्थ राहिले. विषय पत्रिकेवर आला आणि दोन्ही पक्षांची भाषणे झाली. पुढे काय ठरले, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : काहीच नाही. परिषदेने हैदराबादवर कधीही ठराव केला नाही.

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात पॅरिसची ही बैठक येते ती बहुधा एखाद्या वाक्यापुरती : निजामाने युनोत धाव घेतली, पण उपयोग झाला नाही. या वाक्यात सुटकेचा नि:श्वास आहे आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु आंतरराष्ट्रीय कायदा बड्या सत्तांपुढे किती दुबळा असतो, याची चर्चा आपण युक्रेनच्या, गाझाच्या निमित्ताने करतो तेव्हा या दुबळेपणाचे एक प्रकरण आपल्याच तालुक्याच्या रस्त्यावरून गेले होते, हे विसरतो. त्या प्रकरणात कायदा नेमका कुठे कमी पडला आणि आपल्या इतिहासलेखनाने त्या उणिवेचे काय केले, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

करारांनी हलवलेला मुलूख

हैदराबाद हे सार्वभौम राज्य होते काय, हा पॅरिसमधल्या वादाचा गाभा होता. त्याचे उत्तर जुन्या कागदांत शोधावे लागते.

निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी १७९८ आणि १८०० मध्ये तैनाती फौजेचे तह केले. १८०० च्या तहाने कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करण्याचा अधिकार त्याने सोडला. फौजेचा खर्च थकत गेला, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. नळदुर्गला इंग्रज अंमलदार म्हणून मेडोज टेलर आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा कर्ता तो हाच. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले.

म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग सात वर्षांत दोनदा मालक बदलून आला. गेला तो कर्जापायी आणि परत आला तो बक्षिसापोटी. तिथल्या रयतेला कुणी विचारल्याची नोंद नाही. विचारण्याची पद्धतही नव्हती. तह दोन दरबारांमध्ये होत असे आणि जमिनीबरोबर माणसे आपोआप हस्तांतरित होत. पुढच्या सगळ्या कायदेशीर वादाचा साचा इथेच पडला.

वऱ्हाड परत मिळावे म्हणून सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खानने, इंग्रजांशी बरोबरीच्या नात्याने वाद घालायचा प्रयत्न केला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्रात त्याला सुनावले, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीने बोलण्याचा अधिकार नाही. या पत्रानंतर निजामाचे सार्वभौमत्व नाणी, टपाल, रेल्वे आणि किताबांपुरते उरले.

मग १९४७ आले. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यातील सातव्या कलमाने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपली असे जाहीर केले, पण ती कुणाकडे गेली ते सांगितले नाही. निजामाच्या वकिलांनी यातून अर्थ काढला, की अधिसत्ता गेली तेव्हा मूळचे सार्वभौमत्व जागे झाले. भारताचे म्हणणे होते, की जे कधी नव्हतेच ते जागे कसे होईल? कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे राज्य ठरायला लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता या चार गोष्टी लागतात. हैदराबादकडे पहिल्या तीन होत्या. चौथी १८०० सालीच लिहून दिलेली होती.

पंचांची नेमणूक झालीच नाही

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण हे विषय पूर्वी इंग्रजांशी जसे चालत तसे आता भारताशी चालावेत, असे त्यात ठरले. वाद निर्माण झाला तर दोन्ही बाजूंनी एकेक पंच नेमावा आणि त्या दोघांनी सरपंच निवडावा, अशीही तरतूद होती.

त्यानंतरचे दहा महिने एकमेकांवर करारभंगाचे आरोप करण्यात गेले. निजाम सरकारने भारतीय चलनावर निर्बंध घातले, मौल्यवान धातूंच्या निर्यातीला बंदी केली आणि पाकिस्तानला भारतीय रोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. हा करारभंग आहे असे दिल्लीचे म्हणणे होते. भारत आर्थिक नाकेबंदी करून करार मोडत आहे, असे हैदराबादचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना आपली बाजू भक्कम वाटत होती, तरी पंचमंडळ शेवटपर्यंत बसले नाही. करारात पंच असले तरी त्यांच्यापुढे जाण्याची दोन्ही पक्षांना गरज वाटली पाहिजे. ती तेव्हाच वाटते, जेव्हा दोघांनाही ताकदीने निकाल लावण्याची खात्री नसते. इथे एकाला आपल्या फौजेची खात्री होती आणि दुसऱ्याला जगाच्या मध्यस्थीची.

कागदांवर हा वाद चालू असताना गावांत वेगळेच चालले होते. कासिम रझवीच्या रझाकारांना दरबाराचे अभय होते. उमरग्यापासून फार लांब नसलेल्या बसवकल्याण भागातल्या गोरट्याचे हत्याकांड मे १९४८ मधले. सरहद्दीवर सोलापूर-बार्शीच्या बाजूला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले आणि हजारो कुटुंबे घरदार सोडून त्या बाजूला गेली. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. ज्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक म्हणून आले, ते गाव आज लोहारा तालुक्यात, उमरग्याच्या शेजारीच आहे.

तारखांचा एक योगायोग इथे नोंदवला पाहिजे. हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली ती २१ ऑगस्ट १९४८ ला. भारताच्या दडपणामुळे शांतता धोक्यात आली आहे, असे तिचे म्हणणे होते. २२ ऑगस्टला हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ते लिहीत होते. जगाच्या न्यायाकडे दाद मागणारे सरकार आपल्याच प्रजेतील एका पत्रकाराला वाचवू शकत नव्हते, किंवा वाचवू इच्छित नव्हते. पॅरिसला गेलेल्या तक्रारीत शोएबुल्ला खान यांना जागा नव्हती. जागा नसण्याचे कारण निजामाचा कावा एवढेच नाही. सुरक्षा परिषदेची रचनाच अशी आहे, की तिच्या दारात राज्य उभे राहू शकते, माणूस नाही.

पॅरिस : एक प्रश्न, जो सर्वांना सोयीचा होता

हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ३५ व्या कलमाचा आधार घेतला. सदस्य नसलेले राज्यही, वाद शांततेने मिटवण्याचे बंधन आधी मान्य करून, आपला वाद परिषदेपुढे आणू शकते, असे ते कलम सांगते. शिष्टमंडळाचे नेते नवाब मोईन नवाज जंग होते. भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार उभे राहिले. हैदराबाद हे राज्यच नाही, म्हणून त्याला इथे उभे राहण्याचा अधिकार नाही आणि जे चालले आहे ती भारताची अंतर्गत बाब आहे, हा त्यांच्या मांडणीचा रोख होता. एखाद्या राज्याच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रातील गोष्टींत संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये, हे सनदेच्या दुसऱ्या कलमात आहेच.

परिषदेपुढे दोन रस्ते होते. हैदराबाद राज्य आहे की नाही हे ठरवणे किंवा ते ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवणे. तिने दोन्ही केले नाही. विषय पत्रिकेवर घेतला, पण तसे केल्याने हैदराबादचा दर्जा मान्य होत नाही अशी सावधगिरी बाळगली. २२ सप्टेंबरला निजामाने तार करून आपली तक्रार मागे घेतली. ही तार स्वेच्छेने केलेली की लष्करी अमलाखाली करवलेली, यावर २८ तारखेच्या बैठकीत बोलणे झाले. मे १९४९ मध्ये आणखी दोन बैठका झाल्या, त्यात पाकिस्तानचे जफरुल्ला खान बोलले. त्यानंतर काही झाले नाही. अमेरिकन कायदेपंडित क्लाइड ईगल्टन यांनी १९५० मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ’ या नियतकालिकात या प्रकरणावर दीर्घ लेख लिहिला आणि परिषदेने प्रश्न टाळल्याबद्दल तिला दोष दिला.

ही टाळाटाळ सर्वांच्याच सोयीची होती. बर्लिनच्या नाकेबंदीने अमेरिका आणि सोव्हिएत संघ समोरासमोर आले होते. पॅलेस्टाईन पेटलेले होते. निजामाने लढाई थांबवली त्याच १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा खून झाला. स्वतःच्या मध्यस्थाचे रक्षण न करू शकणारी संघटना हैदराबादचे काय करणार होती? नव्या भारताला दुखवण्याची कुणाला घाई नव्हती आणि निजामासाठी तर कुणालाच काही पणाला लावायचे नव्हते.

यात भारताची भूमिकाही तपासली पाहिजे. १ जानेवारी १९४८ ला काश्मीरचा प्रश्न घेऊन भारत स्वतः याच परिषदेकडे गेला होता. त्याआधी जुलै १९४७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाबरोबर भारताने इंडोनेशियाचा प्रश्न तिथे मांडला. जावा-सुमात्रात डच फौजांनी चढाई केली होती आणि डच सरकार तिला ‘पोलीस कारवाई’ म्हणत होते. हा डचांचा घरगुती मामला नाही, असे आपण तेव्हा जगाला सांगत होतो. परिषदेनेही १ ऑगस्ट १९४७ ला लढाई थांबवण्याचे आवाहन केले. तेरा महिन्यांनी रणगाडे आणि विमाने घेऊन आपण नळदुर्गहून पुढे सरकलो, तेव्हा त्या मोहिमेलाही ‘पोलीस कारवाई’ हेच नाव दिले. लष्कराच्या दप्तरी तिचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ होते.

हे सांगताना दोन्ही घटना सारख्या होत्या असे सुचवायचे नाही. डच फौज वसाहत टिकवायला गेली होती. इथे संस्थानची बहुसंख्य प्रजा एका सरंजामी राजवटीतून सुटू पाहत होती आणि तिने त्यासाठी तुरुंग भोगला होता, रक्त सांडले होते. नैतिक पारडे कुठे झुकते यात शंका नाही. प्रश्न नावाचा आहे. ‘पोलीस कारवाई’ हा शब्द कायद्याला दाराबाहेर थांबवण्यासाठी निवडला जातो. युद्ध म्हटले की युद्धाचे नियम येतात, पोलीस म्हटले की ते घरातले काम होते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवरील आक्रमणाला ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटले, त्यामागेही हीच युक्ती होती. बळी तो कान पिळी, ही म्हण आपण जाणतो. कान पिळणारा त्या पिळण्याला नावही आपल्या सोयीचे देतो, एवढे तिला जोडावे लागेल.

पुस्तकांतला १७ सप्टेंबर

या घडामोडींवर त्यात भाग घेतलेल्यांनीच लिहिले आहे. व्ही. पी. मेनन यांचे संस्थानांच्या विलीनीकरणावरील पुस्तक १९५६ चे, क. मा. मुनशी यांचे ‘द एंड ऑफ अ‍ॅन इरा’ १९५७ चे, निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ १९६२ चे. स्वामीजींच्या आठवणी १९६७ मध्ये इंग्रजीत आल्या. मराठीत अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा या विषयाचा आधारग्रंथ ठरला, आणि नरहर कुरुंदकरांनी निजामी राजवटीची व रझाकारी राजकारणाची केलेली चिकित्सा आजही वाचावी अशी आहे.

या पुस्तकांच्या भूमिका एकमेकांशी भांडतात. मेनन मसुद्यांची बारकाईने नोंद ठेवणारे मुत्सद्दी आहेत. मुनशी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत राहिलेले. त्यांच्या लेखनात प्रत्यक्षदर्शीचा ताप आहे. लायक अलींना जग आपल्याशी बेइमान झाले असे वाटते. स्वामीजी आणि भालेराव मात्र दरबारांच्या पत्रव्यवहारातून बाहेर येऊन लोकांकडे वळतात, ही त्यांची मोठी कामगिरी आहे. शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी, सरहद्दीवरचे कार्यकर्ते या इतिहासाचे कर्ते होतात ते मराठीतल्या लेखनामुळे. विलीनीकरण ही दिल्लीची देणगी नव्हती, हे मराठवाड्याने स्वतः सांगितले नसते तर इतर कुणी सांगितले नसते.

तरीही कायद्याच्या प्रश्नापाशी हे लेखन ज्या रीतीने थांबते, ती खटकते. मेनन-मुनशींची बाजू आणि लायक अलींची बाजू, दोन्हींचा कायदेशीर प्रश्न एकच आहे : सार्वभौम कोण? निजाम की भारत? मराठी लेखनाने लोकांना नायक केले, पण कायद्याचा प्रश्न आला की तेही भारताच्या उत्तरावर विसावले. ‘अंतर्गत बाब’ हा मुदलियारांचा युक्तिवाद परिषदेला थोपवण्यासाठी होता. तो आपण इतिहासाची चौकट म्हणून घरात आणला. त्यामुळे १७ सप्टेंबर हा पूर्णविराम झाला. स्मरणिका, शाळेतील निबंध, ध्वजवंदनानंतरची भाषणे यांत हा पूर्णविराम अधिकच ठळक होत जातो.

अठरा सप्टेंबर

लोकांची आठवण मात्र तारखेपाशी थांबत नाही. आमच्या भागातील जुनी माणसे ‘अ‍ॅक्शनच्या आधी’ आणि ‘अ‍ॅक्शननंतर’ असा काळ मोजत. ‘अ‍ॅक्शन’ म्हणजे त्यांच्या लेखी पाच दिवसांची लढाई नव्हती. तिच्यानंतरचे आठवडेही त्यात धरलेले असत.

त्या आठवड्यांत रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड म्हणून ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा असंख्य मुस्लिमांची हत्या झाली, घरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. नेहरू सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरून अहवाल लिहिला. त्यांचा अंदाज असा, की संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत हानी सर्वाधिक झाल्याचे त्यांनी नोंदवले. आकडा नेमका किती, यावर मतभेद आहेत आणि राहतील. तो अंदाज आहे, शिरगणती नव्हे. हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिमांना आसरा देऊन वाचवल्याची उदाहरणेही अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात राहिला. अभ्यासकांपलीकडे त्याची चर्चा होऊ लागली ती २०१३ च्या सुमारास.

इथे पुन्हा तारखांकडे पाहावे. ज्या पॅरिसमध्ये सप्टेंबरात सुरक्षा परिषद हैदराबादवर बोलली, त्याच पॅरिसमध्ये ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार संमत केला आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्या जाहीरनाम्यातील ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ हे शब्द यावेत यासाठी मुंबईच्या हंसाबेन मेहता झगडल्या होत्या. ज्या दिवशी जगाने माणूस हा कायद्याचा विषय आहे असे म्हटले, त्या दिवसांत सुंदरलाल समिती आपल्या जिल्ह्यांमधून फिरत मेलेल्यांची चौकशी करत होती. या दोन गोष्टींची गाठ पडली नाही. रझाकारांनी मारलेल्यांसाठी पॅरिसमध्ये कुणी बोलले नव्हते. नंतर मारल्या गेलेल्यांसाठी आपल्या घरातही फार कुणी बोलले नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दुबळेपणाचा खरा अर्थ इथे लागतो. त्याच्याकडे पोलीस नाही, ही त्याची उघड दिसणारी उणीव. पण परिषदेकडे फौज असती आणि तिने निजामाचे राज्य वाचवले असते, तर उमरग्याच्या शेतकऱ्याला न्याय मिळाला असता काय? त्याच्या वाट्याला रझाकार कायमचे आले असते. आणि परिषद गप्प बसली, म्हणून निजामाच्या निरपराध प्रजेला न्याय मिळाला, असेही झाले नाही. कायदा दुबळा होता त्याहून अधिक तो आंधळा होता. त्याला दरबार दिसत होते, गावे दिसत नव्हती.

पैशाला मिळालेला न्याय

कायदा प्रत्येक वेळी निष्प्रभ ठरतो असेही नाही. दादरा-नगर हवेलीचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. १९५४ मध्ये हे प्रदेश मुक्त झाल्यावर पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. तिथे पेशवाईतील १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या सनदा यांचा कीस काढला गेला. मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले होते की सरंजामासारखा केवळ महसुलाचा हक्क, हा प्रश्न होता. मराठा दरबाराने महसूलच दिला होता, असे न्यायालयाने मानले. तरी इंग्रजी अमलात पडलेल्या वहिवाटीमुळे खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना ये-जा करण्याचा हक्क होता, सशस्त्र दलांना नव्हता, आणि भारताने आपले बंधन मोडलेले नाही, असा निकाल १२ एप्रिल १९६० ला दिला. दोन्ही पक्ष हजर राहिले, कागद वाचले गेले, निकाल लागला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोव्याच्या वेळी प्रश्न न्यायालयात गेला नाही. तो सुरक्षा परिषदेत गेला आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तिथेच संपला.

हैदराबादच्या प्रकरणालाही एक निकाल मिळाला, पण तो वेगळ्याच बाबतीत. २० सप्टेंबर १९४८ ला, निजाम हरल्यानंतर तीन दिवसांनी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबादचे सुमारे दहा लाख पौंड मोईन नवाज जंग यांच्या व्यवस्थेनुसार पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळते झाले. निजामाने ते परत मागितले. पाकिस्तान हे सार्वभौम राज्य असल्याने त्याच्यावर दावा चालणार नाही, असे १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले आणि पैसे बँकेत अडकून पडले. २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतः दावा लावला, त्यामुळे ते संरक्षण गळाले. २ ऑक्टोबर २०१९ ला इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही रक्कम निजामाची होती. व्याजासह ती साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती आणि ती भारत सरकार व निजामाच्या वारसांच्या वाट्याला आली.

पॅरिसला तक्रार घेऊन गेलेल्या त्याच मुत्सद्द्याने हलवलेल्या पैशाला एकाहत्तर वर्षांनी का होईना न्यायाधीश मिळाला. कारण त्या पैशाची पावती होती, खाते होते, मालकाचे नाव लिहिलेले होते. गोरट्याच्या मृतांना आणि त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात मेलेल्यांना असे खाते नव्हते.

आपल्या हातातले काम

आज सुरक्षा परिषदेत रशिया युक्रेनच्या बाबतीत आणि अमेरिका गाझाच्या बाबतीत नकाराधिकार वापरते, तेव्हा आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे, कायदा हे थोतांड आहे, ताकद हेच सत्य. दुसरी, आपल्या मित्राने केले तर ती त्याची अंतर्गत बाब, शत्रूने केले तर आक्रमण. या दोन्ही प्रतिक्रियांची मुळे १९४८ मध्ये आहेत आणि दोन्ही आपल्याला महाग पडू शकतात. कायदा नको असे फक्त बलवानच म्हणू शकतो, आणि कोण केव्हा बलवान राहील याची हमी नळदुर्गच्या मुलखाच्या इतिहासाने तरी कधी दिलेली नाही.

हैदराबादचे विलीनीकरण योग्य होते, असे मी मानतो. ते योग्य होते याचे कारण निजामाचा कागद कच्चा होता हे नाही. कच्च्या कागदावरही राज्ये चालतात. ते योग्य होते कारण इथल्या लोकांना ती राजवट नको होती. मग लोक हाच जर आधार असेल, तर त्यात सगळे लोक आले. १७ सप्टेंबरचा हक्क सांगताना १८ सप्टेंबर नाकारता येत नाही. सार्वभौमत्वाचा निवाडा करून झालेल्या हिंसेचा हिशोब संपतो, हा पॅरिसमधला समज होता. तो आपण तरी कशाला चालवायचा?

आंतरराष्ट्रीय न्यायालयाला हे काम आता करता येणार नाही. ते तालुक्याला करता येईल. आपल्या भागातल्या महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत. गावोगावच्या आठवणी अजून दुसऱ्या पिढीच्या तोंडी आहेत. तिसऱ्या पिढीत त्या राहणार नाहीत. प्रत्येक गावाची एक यादी करता येईल : मे १९४८ ते डिसेंबर १९४८ या काळात कोण मेले, कुणाच्या हातून मेले, कुणी कुणाला घरात लपवले. रझाकारांचे बळी आणि सूडाचे बळी एकाच वहीत, गाव आणि तारीख यांच्या क्रमाने. मारणाऱ्यांची नावे त्यात नसली तरी चालेल. वाचवणाऱ्यांची मात्र अवश्य असावीत.